आकाशातून दिसणारं बावखल

उमेळे,
१८ मे २०२५

प्रिय जेसिका,

आणि तुझ्याआधी हे पत्र उघडून वाचणाऱ्या सुरक्षा कार्यालयातल्या साहेबांनाही नमस्कार. साहेब, मी सेलिन, जेसिकाची मावसबहीण. उमेळ्यात आमची केळीची आणि सोनचाफ्याची वाडी आहे. पत्रात गुप्त काही नाही, फक्त भांडण आहे. पुढे वाचायला हरकत नाही.

जेसिका, तुझ्या नव्या नेमणुकीच्या ठिकाणी मोबाईल गेटवर जमा करावा लागतो आणि पत्रं तपासून मिळतात, हे तुझ्या आईकडून कळलं. फुलपाड्याला गेले होते तेव्हा ती रडवेली झाली होती. मी म्हटलं, बरं झालं. फोनवर ही फक्त "हं, हं" करते, पत्रात तरी दोन वाक्यं बोलेल.

तर भांडण असं. घरामागचं बावखल आठवतं ना? सुट्टीत आलीस की त्या तळ्याच्या पायरीवरून तुला जेवायला ओढून आणावं लागायचं. आलोशियसला ते बुजवायचंय. तिथे लग्नाचा लॉन करायचाय. माझे डॅडी आणि त्याचे डॅडी सख्खे भाऊ, त्यामुळे बावखल दोन्ही घरांचं सामाईक. मी नाही म्हणाले तर माझा हा चुलतभाऊ म्हणतो, "बावखल कुठलं गो? खड्डा हाय तो. तुझ्याच बापानं नव्वद सालात विटांसाठी माती काढली, त्यात पानी साचलं. मी नववीत होतो, माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

सातबाऱ्यावर बावखलाची नोंद नाही. पलीकडच्या आळीतलं बुजवलं, तर दोन वर्षांत तिथल्या विहिरी खाऱ्या झाल्या. खाऱ्या पाण्यावर केळ जगत नाही, हे तुला सांगायला नको. वाडी आहे ती या पाण्यावर. ऑगस्टमध्ये जुन्या बावखलांची यादी करायला सरकारी पाहणी येणार आहे. यादीत नाव आलं तर बुजवायला बंदी. खड्डा ठरला तर डंपर.

तू सैन्यासाठी उपग्रहांचे फोटो वाचतेस. झाडाखाली लपवलेला रणगाडा तुला दिसतो. मग आपलं बावखल जुनं आहे असा एक फोटो पाठव ना. लहानसा चालेल.

तुझी,
सेलिन

ता. क. आलोशियसला मी सांगून टाकलंय की तू वरून बघतेयस. त्याने विचारलं नव्हतं, मीच सांगितलं.


२९ मे २०२५

प्रिय सेलिन,

तुझं पत्र तीनदा वाचलं. साहेबांनीही नीट वाचलं असावं, कारण माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, "सोनचाफ्याला शेणखत चालतं का हो?" चालतं असं मी सांगितलं. चूक असेल तर कळव.

फोटो पाठवता येणार नाही. मी काय बघते, कुठलं बघते आणि किती स्पष्ट बघते, यातलं काहीच मला सांगता येत नाही. सांगता येतं ते एवढंच की मी उमेळे बघत नाही. मला ते काम दिलेलं नाही, आणि न दिलेलं बघणं हा आमच्याकडे गुन्हा आहे.

हे लिहून झाल्यावर वाटलं की मी नियमामागे लपतेय. नियम नसता तर फोटो पाठवला असता का? बहुतेक पाठवला असता. म्हणजे माझा हा प्रामाणिकपणा माझा नाहीच, कार्यालयाचा आहे. काल डायरीत असंच लिहिलं आणि वाचून बरं वाटलं नाही.

आलोशियसला सांगितलेलं खोटं मागे घे. मी त्याच्यावर नजर ठेवून नाही. तो लहानपणी मला पोहायला शिकवत होता, हे मी विसरलेले नाही. शिकवलं नाही, ढकलून दिलं, पण शिकले.

बाकी मी बरी आहे. ██████████████████████████████████████ त्यामुळे दर बुधवारी मला तुझी फार आठवण येते.

तुझी,
जेसिका


उमेळे,
७ जून २०२५

प्रिय जेसिका,

फोटोपेक्षा किती चांगली वस्तू पाठवलीस! सरकारने स्वतःच्या हाताने काळी केलेली ओळ! साहेब, तुमचे आभार कसे मानू?

पत्र घेऊन मी तशीच आलोशियसच्या ओट्यावर गेले. तो आंबा चोखत होता.

"ह्ये काय?"

"जेसिकाचं पत्र. सरकारने झाकलंय."

"काय होतं खाली?"

"ते सांगण्यासारखं असतं तर झाकलं असतं का?"

त्याने हात पुसले आणि कागद उन्हात धरला. मग उलटा धरला. मग जीनाला (साहेब, ही त्याची बायको) हाक मारून खोबरेल तेलाचं बोट मागितलं, कुठल्यातरी सिनेमात बघितलं असेल. जीना म्हणाली, "सरकारी शाई हाय, तुमच्या डोक्यावरचे केस नाहीत काळे केलेले." मग त्याने पुढचं वाक्य मोठ्याने वाचलं. "'त्यामुळे दर बुधवारी मला तुझी फार आठवण येते.' बुधवारी काय असतं गो?"

मी म्हटलं, "बुधवारी तो उपग्रह उमेळ्यावरून जात असावा, असं दिसतंय."

'असावा' म्हटलं आणि 'दिसतंय' म्हटलं. तुला खोटं आवडत नाही म्हणून दोन्ही घातले.

तेव्हापासून बुधवारी आमच्या आळीत फार शिस्त असते. जीना त्या दिवशी गच्चीवर परकर वाळत घालत नाही. कोपऱ्यावरच्या घरातून आमची दोन वर्षांपूर्वी नेलेली शिडी परत आली. आलोशियसने डंपरवाल्याला निरोप दिलाय म्हणे, बुधवार सोडून कधीही ये. म्हणजे आता आठवड्याचे सहाच दिवस धोक्याचे राहिलेत. तेही कमी करता येतील का बघ. एखाद्या पत्रात शुक्रवार आणि शनिवारची आठवण काढ.

तुझी,
सेलिन


१६ जून २०२५

सेलिन,

हे थांबव.

काळ्या शाईखाली काय होतं, ते लिहिण्याची परवानगी मी आज रीतसर मागितली. अर्धा तास चर्चा होऊन एवढी परवानगी मिळाली: इथल्या मेसमध्ये एका ठराविक वारी एक ठराविक मासा मिळतो आणि तो तळताना तुझ्यासारखा रव्यात घोळवत नाहीत. मी माशाचं नाव लिहिलं होतं. साहेबांचं म्हणणं, मासा ताजा होता असंही लिहिल्याने इथून समुद्र किती लांब ते कळतं. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. मी स्वतः याहून कमी खुणांवरून जागा ओळखते.

तर तुझ्या आळीतली शिस्त एका न घोळवलेल्या माशावर उभी आहे. मला हसू आलं हे कबूल करते. मग लाज वाटली. माझ्या खात्याच्या नावाने कोणाला घाबरवलं जात असेल तर ते मी चालवून घेतेय असंच होतं.

म्हणून एक साधी गोष्ट सांगते, शाळेच्या पुस्तकातही असते. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगाखालचं दिसत नाही. आता सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे ढगच असणार. मी उमेळे बघत असते तरी मला पांढरा कापूस दिसला असता. हे आलोशियसला सांग आणि मोकळी हो. बावखल खरेपणाने वाचव. कसं, ते मला आत्ता सुचत नाही, हेही खरं.

मार्था मावशीला विचार ना. ती लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा बावखल होतंच. तिची साक्ष चालेल.

तुझी,
जेसिका


उमेळे,
२५ जून २०२५

प्रिय खरं बोलणाऱ्या जेसिका,

तुझ्या खरेपणाचे दोन डंपर सोमवारी बावखलात पडले.

झालं असं की आमचं आणि आलोशियसचं आडनाव एक, फाटक एक. पोस्टमनने तुझं पाकीट त्याच्याकडे दिलं आणि त्याने ते चुकून उघडलं. चुकून वाचलं, चुकून भाताच्या पेजेने परत चिकटवलं आणि मला आणून दिलं. पाकिटाला शीत लागलेलं होतं. जाताना वर बघून म्हणाला, "ढग आले गो सेलिन. मस्त गार वाटतंय."

सोमवारी सकाळी दहाला, राजरोस, पहिला डंपर आला. कुठल्यातरी पाडलेल्या इमारतीचा राडारोडा, त्यात बाथरूमच्या निळ्या टाइल्स. पश्चिमेचा कोपरा भरला. तू बसायचीस ती पायरी त्याखाली गेली. मी डंपरसमोर उभी राहिले तेव्हा दुसरा रिकामा होऊन झाला होता. आलोशियस म्हणाला, "पाहनी येईल तवा खड्डा अर्धा भरलेला असला की साहेबांना पन सोपं."

आईची साक्ष विचारलीस. ती लसूण सोलत होती. मी म्हटलं, आई, पाहणीच्या दिवशी तू सांगशील ना की बावखल तुझ्या लग्नाच्या आधीपासूनचं आहे? ती म्हणाली, "म्हातारीचं कोन ऐकतं." एवढं बोलून लसणाचं ताट उचलून आत गेली. आमच्या आईने बोलायची संधी सोडली, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

आता एकच मागणं. घरच्या पत्त्यावर अजून एक पत्र लिही, आलोशियसने चुकून उघडावं असं. तुझं उत्तर मात्र मला गोखिवऱ्याला प्रिन्सीच्या पत्त्यावर पाठव. तिची फ्लेक्सची छपाई आहे, तिथे पोस्टमन चुकत नाही.

सेलिन


४ जुलै २०२५
(उमेळ्याच्या पत्त्यावर)

प्रिय सेलिन,

मागच्या पत्रातली माहिती अपुरी होती, ती पूर्ण करते. कॅमेऱ्याला ढगाखालचं दिसत नाही हे खरं आहे. पण रडार असलेले उपग्रहही असतात. त्यांना ढग अडवत नाहीत आणि अंधारही अडवत नाही. जमिनीची पातळी हातभर बदलली तरी दोन वेळच्या नोंदी ताडून ती कळू शकते.

शिवाय काही उपग्रह उष्णता ओळखतात. कोणी क्षेपणास्त्र सोडलं की त्याच्या शेपटीची आग छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून काही क्षणांत टिपली जाते आणि लगेच सावधानतेचा इशारा जातो. ही सगळी माहिती कोणत्याही वाचनालयात मिळते.

आलोशियसला आणि जीनाला माझा नमस्कार सांग. त्याने पोहायला शिकवलं त्याची आठवण येते.

तुझी,
जेसिका


४ जुलै २०२५
(गोखिवऱ्याच्या पत्त्यावर)

सेलिन,

दुसरं पत्र गेलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, हे मी तीनदा तपासलं आणि साहेबांनी चौथ्यांदा. कोणी उमेळे बघतंय असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पण सगळी खरी वाक्यं एका ओळीत उभी करून त्यांच्याकडून खोटं वदवून घेतलं, असं तर नाही ना झालं? रात्री डायरीत 'हो' लिहिलं. सकाळी खोडून 'बहुतेक' केलं. त्या निळ्या टाइल्स डोळ्यांसमोर आल्या की 'बहुतेक'सुद्धा फार वाटतं.

साहेबांनी पाकीट बंद करताना एवढंच विचारलं, "हातभर म्हटलंय, ते कोणाच्या हाताने?"

जेसिका


उमेळे,
१५ जुलै २०२५

प्रिय जेसिका,

बस. पाणी पिऊन घे. साहेब, तुम्हीही.

पत्र ठरल्याप्रमाणे चुकून उघडलं गेलं. दोन दिवस आलोशियस आभाळाकडे बघत फिरला. तिसऱ्या दिवशी त्याने वाडीतल्या सगळ्या माणसांना गोळा करून सभा घेतली. रडारचं काय करायचं ते कोणाला सुचलं नाही, म्हणून त्यांनी रडार सोडून दिलं. उष्णतेवर मात्र खूप विचार झाला. छत्तीस हजार किलोमीटरवरून शेपटीची आग कळते, तर डंपरचं तापलेलं इंजिन उमेळ्यात कळणारच, असं ठरलं.

शुक्रवारी डंपर आला तो बोनेटवर सहा ओली गोणपाटं घालून. दोन्ही बाजूंना दोन माणसं, हातात बादल्या. दहा पावलं गेलं की गोणपाटांवर पाणी, पुन्हा दहा पावलं. उत्तरेकडचा ड्रायव्हर बिचारा खिडकीतून विचारतोय, "भाईसाब, ये पूजा है क्या?" इंजिन तापलेलं, त्यावर पाणी, मग व्हायचं तेच झालं. वाफेचे लोट! केळीच्या वर वाफ, नारळाच्या वर वाफ. आलोशियस खालून ओरडतोय, "वाफ झाका! अरे, वाफ झाका!" आणि जीना ओट्यावरून, "कशानं झाकू? माझ्या पदरानं?"

फाटकातच डंपर बंद पडला. ड्रायव्हरने गोणपाटं एकेक करून आलोशियसच्या पायाशी टाकली आणि म्हणाला, "मेरी गाड़ी है, इडली नहीं." संध्याकाळी दुसऱ्या गाडीने ओढून नेला. आता तो डंपरवाला उमेळ्याचं नाव काढलं तरी फोन ठेवतो.

हसून झालं की मात्र पुढचं वाच. पाहणी २० ऑगस्टला ठरली. आलोशियसने दोन म्हातारे उभे केलेत, खड्डा नव्वद सालचा म्हणून सांगायला. माझ्याकडे वाफ सोडून काही नाही. आई अजूनही बोलत नाही.

सेलिन


२४ जुलै २०२५

प्रिय सेलिन,

मी खूप हसले. मेसमध्ये एकटीच हसत होते, त्यामुळे नोंद झाली असेल.

आता कामाचं. हे सुचायला इतका वेळ का लागला कळत नाही. कदाचित माझ्या कामाच्या जवळचं काहीही सांगताना मी आधी 'नाही' म्हणते आणि मग विचार करते. या वेळी आधी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, उघडी माहिती आहे, खुशाल लिहा.

साठच्या दशकात अमेरिकेचे हेर उपग्रह सगळ्या जगावरून फिरत होते. तेव्हा फोटो फिल्मवर निघायचे. फिल्म भरली की तिचा डबा पॅराशूटला लावून खाली सोडायचे आणि विमानातून आकडा टाकून तो हवेतच पकडायचे. शत्रूची क्षेपणास्त्रं शोधायला काढलेली ती चित्रं होती, पण वाटेत जे येईल ते सगळं त्यांत आलं. शेतं आली, गावं आली, कदाचित आपली वाडीही आली. पुढे त्यांनी ती गुप्ततेतून मोकळी केली. आता कोणीही मागवू शकतं. प्रिन्सीच्या कॉम्प्युटरवरून मिळतील. कसं शोधायचं ते मागच्या पानावर लिहिलंय. हिवाळ्यातलं, ढग नसलेलं चित्र बघ. पाणी काळं दिसतं.

१९९० च्या आधीच्या चित्रात त्या जागी काळा ठिपका असेल, तर खड्ड्याची गोष्ट संपली.

तुझी,
जेसिका


उमेळे,
६ ऑगस्ट २०२५

जेसिका,

चित्र मिळालं. डिसेंबर १९६७. प्रिन्सीने ते चार फूट बाय सहा फूट फ्लेक्सवर छापलं, कारण तिच्याकडे तेवढंच मशीन आहे. सवयीने तिने खाली 'हार्दिक शुभेच्छा' टाकलं होतं, ते काढायला लावलं.

आम्ही तो फ्लेक्स तिच्या दुकानात जमिनीवर पसरला आणि दोघी गुडघ्यांवर बसून शोधू लागलो. रेल्वेची रेघ सापडली, देऊळ सापडलं, मग आपली आळी. आणि आमच्या वाडीत काळा ठिपका. छान, गोल. मी प्रिन्सीला मिठी मारली.

मिठीतूनच ती म्हणाली, "सेलिन, दोन आहेत."

एक मागे, जिथे आहे तिथेच. दुसरा पुढे, त्याच्याहून मोठा. मी रस्त्यापासून अंतर मोजलं, दोनदा. दुसरा ठिपका माझ्या घराखाली आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली.

घरी आले आणि आईसमोर फ्लेक्स उलगडला. मी काही विचारलं नाही. तिने चष्मा लावला, त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "तुझ्या जन्माच्या वर्षी. दोन होती म्हनून एक बुजवलं. एक राहिलं होतं ना." मग, "आता कळलं, मी पाहनीत कशी बोलनार? पहिला प्रश्न मलाच विचारतील."

प्रिन्सीकडे मोठी कात्री आहे. तिने चार वेळा विचारलं, कापू का? पुढचा भाग कापला तरी मागचं बावखल पूर्ण दिसतं, चित्र खोटं होत नाही, फक्त लहान होतं. दुसरा ठिपका नोंदीत गेला तर घरावर माडी चढवायची परवानगी आता विसरावी लागेल. आणि आलोशियस आयुष्यभर टोमणे मारेल, ते वेगळंच.

तू सांग. कापू?

सेलिन


१३ ऑगस्ट २०२५

प्रिय सेलिन,

आमच्याकडे चित्र कापून पुढे देत नाहीत. ज्याला जे बघायचं नाही तेच तो कापतो, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पण हे तुला सांगायचा अधिकार मला आहे का, हा प्रश्न आहे. कारण मीच कापलेलं आहे.

तुझ्या घराखाली पाणी होतं हे मला माहीत होतं. कोणी सांगितलं नव्हतं. इथे येण्याआधी मी घरच्या कॉम्प्युटरवर, सगळ्यांना दिसतात तेच नकाशे उघडून दर रविवारी तुमची वाडी बघायचे. गुप्त काही नाही, तुझं छप्पर बघितलं की बरं वाटायचं. एके दिवशी लक्षात आलं की घराभोवतीचे जुने माड सरळ रांगेत नाहीत, कमानीसारखे वळलेले आहेत. घरासाठी कोणी माड असे गोल लावत नाही, पाण्याच्या कडेला लावतात. हे आठ वर्षांपूर्वीचं. डायरीत लिहिलं आणि तुला कळवलं नाही. तुझ्या डॅडींबद्दल तुला वाईट वाटेल म्हणून, असं तेव्हा मी स्वतःलाच म्हणाले.

जुनी चित्रं मागव असं लिहिताना मला ठाऊक होतं की दोन ठिपके निघतील. तरी मी एकाबद्दलच लिहिलं. वेळेआधी इशारा देणं याच कामाचा मला पगार मिळतो, आणि घरच्या माणसाला मी इशारा दिला नाही. कात्री माझ्या हातात आधीच होती.

म्हणून कापू नकोस असं म्हणत नाही. तू जे करशील ते मला चालेल, एवढंच म्हणते. रागावली असशील तर पुढच्या पत्रात ते आधी लिही.

जेसिका


उमेळे,
२२ ऑगस्ट २०२५

प्रिय जेसिका,

रागावले होते, आता नाही. आठ वर्षं! निदान तिथे विहीर खणली असती तर गोड लागली असती.

पाहणी झाली. कृतिका नावाच्या एक मॅडम आल्या, तरुण, पायांत गमबूट. आधी आलोशियसचं म्हणणं घेतलं. त्याने नव्वद साल, विटा, नववीतला तो स्वतः, सगळं सांगितलं. दोन्ही म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मॅडम लिहून घेत होत्या. मग मला विचारलं, "तुमच्याकडे काही पुरावा?"

मी फ्लेक्स अंगणात पसरला. अख्खा. आणि जेसिका, एक गोष्ट मी आदल्या दिवशी करून ठेवली होती. मागच्या बावखलाभोवती निळ्या पेनाने बारीक गोल केला होता. घराखालच्या ठिपक्याभोवती लाल मार्करने जाड गोल, आणि बाण.

आलोशियसला लाल गोल दिसला मात्र! तो फ्लेक्सवर जवळजवळ आडवाच झाला.

"मॅडम! ह्ये बघा, ह्ये! हिचं घर! हिच्या सैपाकघराखाली बावखल! माझी आजी सांगायची, तिथं कमळं होती, मला वाटायचं म्हातारी काय पन बोलते. आनि ही मला शहानपन शिकवते!"

मॅडम म्हणाल्या, "हे चित्र बरोबर आहे, असं तुमचं म्हणणं?"

"बरोबर म्हंजे? आकाशातून काढलंय! अमेरिकेचं हाय, सदुसष्ट सालचं! ह्याच्यात खोटं काय असनार?"

"म्हणजे तुम्हाला मान्य आहे."

"शंभर टक्के!"

"मग इथे सही करा."

त्याने अशी सही केली की कागद फाटायचा राहिला. मॅडमनी ती जपून फाइलमध्ये ठेवली, चष्मा नीट केला आणि पेनाच्या टोकाने निळा गोल दाखवला. "आणि सदुसष्ट साली हे दुसरं काय दिसतंय?"

एक म्हातारा हळूच म्हणाला, "बावखल." दुसरा म्हणाला, "तू गप ना." जीना पदर तोंडावर घेऊन आत पळाली, तिचं हसू भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. आलोशियसने निळ्या गोलाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "कापलं का नाय गो?" एवढंच म्हणाला.

मॅडमनी लाल गोलाबद्दलही विचारलं, विचारणारच. हे बावखल कोणी बुजवलं? मी डॅडींचं नाव घेणार, इतक्यात आई काठी टेकत पुढे आली. "मी. नवरा खनत होता, पन टोपल्या मी उचलल्या. सातवा महिना होता मला. ह्या सेलिनचा." मॅडमनी तेही लिहिलं. घराखाली 'बुजवलेले बावखल' अशी नोंद झाली. माडीचं विसरायचं. मागचं बावखल मात्र यादीत आलं, जुनं म्हणून. आता ते बुजवता येणार नाही, आणि टाकलेला राडारोडा काढून द्यायचा, ज्याने टाकला त्याने.

आता तुझ्यासारखी मीही डायरी लिहू का, असं वाटतंय. तो लाल गोल मी खरेपणासाठी केला की आलोशियससाठी गळ म्हणून? आदल्या दिवशी मार्कर उचलताना मला नक्की माहीत होतं, असं आत्ता वाटतं. पण काय माहीत होतं ते आठवत नाही. तुझं 'बहुतेक' मी उसनं घेते. परत करणार नाही.

सध्या आलोशियस गुडघाभर पाण्यात उभा राहून निळ्या टाइल्स काढतोय. डंपर कोणी देत नाही, म्हणून टोपलीनेच. पश्चिमेची पायरी काल मोकळी झाली. आई खुर्ची घेऊन काठावर बसली आहे आणि सकाळपासून त्याला सांगतेय, "आलोशियस, टोपली एवढी भरू नको, कंबर जाईल. डोक्यावर घे, पोटाला लावू नको. अरे, मला इचार ना, मला माहीत हाय."

तुझी,
सेलिन